मेलेल्यांच्या शोधात हयातबाई

कॅन्सर नोंदणीच्या कचेरीत तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. कुणाला यकृताचा कॅन्सर झाल्याची नोंद आली, की दरवर्षी एकदा त्याच्या घरी फोन करायचा आणि मऊ आवाजात विचारायचं, "नमस्कार, ते हयात आहेत ना?" हे तिचं काम. त्यावरून ती हयातबाई झाली. "आहेत" असं उत्तर आलं की ती "छान!" म्हणे, घरची पोरगी वर्गात पहिली आल्यासारखं. "गेले" म्हटलं की तारीख विचारून घेई, आणि फोन ठेवल्यावर घोटभर पाणी पिई. वीस वर्षांत ती किती पाणी प्यायली असेल, कोण जाणे.

या सगळ्या उत्तरांतून वर्षाकाठी एक रेषा निघे: त्या त्या साली आजार कळलेल्या शंभर जणांपैकी पाच वर्षांनी किती उरले. ती रेषा कचेरीच्या अहवालात छापली जाई, आणि अहवाल कुणी वाचत नसे.

यंदा तो तिच्या दादाने वाचला. तिथेच घोळ झाला.

दादा तिचा थोरला भाऊ. उभा जन्म भिंती रंगवण्यात गेलेला. त्याच्या यकृतावर लहान लिंबाएवढी गाठ निघाली होती. कॅन्सरच, पण वेळेत सापडलाय, महिन्याभरात कापून काढू, असं डॉक्टर म्हणाले आणि तारीखही दिली. दादा हो म्हणाला होता. मग बहिणीच्या पिशवीतला अहवाल त्याच्या हाती लागला. त्याने कागद डोळ्यांसमोर आडवा धरला, एक डोळा मिटला, आणि भिंतीवरचा पट्टा तपासावा तशी ती रेषा तपासली.

"सपाट," तो म्हणाला. "चहाचा कप ठेवला तर हिंदकळणार नाही."

"अरे दादा, ऐक तर—"

"तीस वर्षं! एवढी यंत्रं आणली, इमारती बांधल्या, आणि रेषा जागची हललेली नाही. तेव्हाही पाचातला एक, आताही पाचातला एक. मग मी पोट कशाला फाडून घेऊ? तो एक मीच असेन, तर तसाही असेन."

"आणि नसाल तर?" वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तर तुझी कटकट संपेल."

"बघा वन्सं, रेषेचं काय घेऊन बसलात," वहिनी म्हणाली. "यांचं डोकंच सपाट आहे. त्यावर तर अख्खी किटली राहील."

विनोद झाला, पण दादा हलला नाही. तारीख जवळ येत होती.

हयातबाईने ठरवलं, हट्टाला हट्टच औषध. तीस वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया होऊन अजून ठणठणीत असलेला एखादा माणूस शोधायचा आणि दादासमोर नेऊन उभा करायचा. तिने जुन्या नोंदी काढल्या. हयात माणसांना तोटा नव्हता. पहिलाच एक घड्याळजी निघाला. तिने वय मोजून पाहिलं. एकशे बारा.

तरीही ती पत्त्यावर गेली, कारण आशेपुढे वजाबाकीचं काही चालत नाही. घड्याळाच्या दुकानाच्या जागी केस कापायचं दुकान होतं. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता म्हणाला, "ते होय? मी शाळेत होतो तेव्हाच गेले. घरीच गेले बिचारे. का, काही दुरुस्तीला दिलं होतं?"

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना गाठलं. साहेब वयाने तिच्या पुतण्याएवढे, पण समजूतदार.

"मलाही संशय होता," ते म्हणाले. "जुना नियमच तसा होता. दवाखान्यातून मेल्याची चिठ्ठी आली तर मेला, नाही आली तर जिवंत. तेव्हा फोन करायला तुमच्यासारखं कुणी नव्हतं. घरी मेलेला माणूस आपल्याकडे अमर."

"मग खोडून टाका की!"

"आणि एखादा खरंच जिवंत असला तर? शोधणार कोण?"

हयातबाईने पदर खोचला.

आता तिच्या लक्षात आलं होतं. जसजशी माणसं जास्त जगू लागली, तसतसे मेलेलेही जास्त सापडू लागले, आणि दोघांनी मिळून रेषा सपाट धरून ठेवली. जुन्या काळातले खोटे जिवंत यादीतून निघाले, तरच आजचे खरे जिवंत दिसणार होते. म्हणजे दादाला वाचवायचं, तर म्हाताऱ्यांची एक फौज आधी मारायला हवी होती.

मग कचेरीने हयातबाईचं नवंच रूप पाहिलं. ती घरोघरी फिरे, फोन फिरवी, आणि उत्तर ऐकून खुर्चीतून उठे.

"गेले? नक्की ना? दाखला आहे? छान!"

एकदा असं म्हणाल्यावर पलीकडून एका सुनेचा आवाज आला, "बाई, सासरे गेले तेव्हा तसं मलाही वाटलं होतं. पण मी बोलले नव्हते."

एकच दार असं निघालं, की ते स्वतः नोंदीतल्या बाईनेच उघडलं. निवृत्त शिक्षिका, पाठीत वाकलेली, हातात लाल पेन्सिल आणि वर्तमानपत्र. त्यातल्या चुका काढणं चाललं होतं.

"आपण... हयात आहात?"

"का, तुमची काही अडचण?"

"नाही, म्हणजे ते तुमचं यकृत—"

"कापलं थोडं. उरलेलं पुरतंय. तुमचा चेहरा का पडला?"

हयातबाई चपापली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या जिवंत असण्याचं वाईट वाटलं होतं. "छान," ती कशीबशी म्हणाली.

"आता उशीर झाला. आत या, चहा घ्या."

खिडकीत एक मोज्यांचा जोड वाळत होता. शिक्षिकाबाईंनी कप पुढे केला, तेव्हा हयातबाईला वाटलं, वीस वर्षं आपण "आहेत" हा शब्दच ऐकत आलो. तो असा उन्हात बसलेला कधी पाहिलाच नाही.

साहेबांनी नवी रेषा काढून दिली. शिक्षिकाबाईंसारख्या एखाद्या चिवट जिवामुळे जुनं टोक अगदी जमिनीला टेकलं नाही, एवढंच. तिथून रेषा हळूहळू वर चढत होती.

दादाने कागद आडवा धरला. एक डोळा मिटला.

"घरच्या माणसाने केलेलं काम," तो म्हणाला. "लबाडी नाही ना?"

"दादा, एकेकाच्या दारात जाऊन आलेय मी."

"वरच्या टोकालाही पाचातला एकच की. चार जातातच."

"जातात," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पण यात सगळे एकत्र आहेत, अगदी उशिरा आलेलेही. तुझ्यासारखी गाठ लहान असतानाच कापलेले यापेक्षा बरेच जास्त राहतात. सगळे नाही. जास्त."

दादाने रंगाच्या डागांनी कायमचा काळपट झालेला अंगठा रेषेवरून खालून वर फिरवला, परत खाली आणला.

"चढ आहे," तो पुटपुटला. "शिडी टेकवता येईल एवढा आहे. पण खालून धरायला कुणीतरी लागतं."

"धरते की," वहिनी म्हणाली. "लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय?"

दादाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "परवाच ना ती तारीख? उपाशी बोलावलंय?"

"हो. काल रात्रीपासून— म्हणजे, आदल्या रात्रीपासून," हयातबाई घाईघाईने म्हणाली.

"ऐकलंस गं?" दादा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. "आज दोन घास जास्त वाढ."