जवसाचं तेल आणि तेरा किलोमीटर

आमच्या घराण्यात चामड्याचे बूट घालणारा पहिला पुरुष मी, आणि तोही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. वडील पूजा सांगायचे. चामडं उंबऱ्याच्या आत येत नाही, हा त्यांचा नियम. ते गेले, मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो, पण नियम आहे तिथंच राहिला. माझा कमरेचा पट्टासुद्धा आजवर रेग्झिनचाच.

अशा घरातली आमची एकुलती एक लेक वनरक्षक झाली. मेळघाटात. मी वर्षभर विरोध केला. दर रविवारी फोनवर तिची तब्येत विचारायची आणि मग बँकेच्या परीक्षेवर यायचं, हा माझा क्रम. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, एक काम करा. एक दिवस माझी बीट चाला माझ्यासोबत." बीट म्हणजे तिच्या वाट्याला आलेला जंगलाचा तुकडा. "तेरा किलोमीटर होतात. पूर्ण चाललात, की नोकरी सोडण्याबद्दल जे काय म्हणायचं ते म्हणा. मी शेवटपर्यंत ऐकीन, मधे बोलणार नाही. अर्ध्यातून परतलात, तर हा विषय बंद. कायमचा."

"तेरा किलोमीटरचं काय सांगतेस? मी रोज शाळेत पायी जातो," मी म्हणालो. शाळा आमच्या घरापासून चारशे पावलांवर आहे.

आठच दिवसांत अमरावतीहून पार्सल आलं. तिनं स्वतःच्या पगारातून बूट घेऊन पाठवले होते. तपकिरी, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, आणि असे ताठ की आडवे ठेवले तरी उठून उभे राहतील असं वाटावं. सोबत चिठ्ठी: 'चपलेवर जंगलात नेणार नाही. रोज एक तास घरात घालून फिरा. तीन आठवड्यांत नरम पडतील.'

"घरात?" बायको म्हणाली. "देवघर कुठं आहे, माहीत आहे ना?"

म्हणून मी गच्चीवर गेलो. एप्रिल महिना. गच्चीभर कुरडया आणि सांडगे वाळत पडलेले. मला कठड्याच्या कडेनं वीतभर वाट मिळाली. तीवरून मी एखाद्या गडाच्या पहारेकऱ्यासारखा फेऱ्या मारू लागलो. पंधराव्या मिनिटाला टाच जळायला लागली.

"काय करून राहिले हो तुम्ही? माती उडून राहिली माझ्या कुरडयांवर."

"अगं, नवे आहेत. माती कुठून येईल?"

"मग वास उडून राहिला. पण उडून राहिलं काहीतरी."

तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांवर फोड आले आणि माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. चामडं म्हणजे कातडी. कातडी कोरडी पडली की तेल लावतात. घरात जवसाचं तेल होतंच. वडील दरवर्षी दारांच्या चौकटींना आणि जेवायच्या पाटांना तेच लावायचे, आणि ते पाट अजून चकचकीत आहेत. मी वाटीभर तेल बुटांना आतून-बाहेरून चोपडलं आणि अकोल्याच्या भर दुपारच्या उन्हात ठेवून दिलं. चांगलं मुरावं म्हणून तीन दिवस तीन हात दिले.

चौथ्या दिवशी बुटावर बोट वाजवून पाहिलं. दार वाजवल्यासारखा आवाज आला.

जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, म्हणून ते रंगात घालतात, हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी सांगतो. परीक्षेत विचारतोसुद्धा.

बायकोनं बूट हातात घेऊन फिरवून पाहिला. "ठेवा जपून. पाहुणे जास्त झाले तर पाट म्हणून मांडता येतील." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "कॅनव्हासचे बूट घेऊन जा ना. पोरगी काही म्हणणार नाही."

नसतीच म्हणाली. तेच तर अवघड होतं. तिच्या पैशाचे बूट मला वागवता आले नाहीत असं कबूल करून, मग तिला तिची नोकरी झेपणार नाही असं कोणत्या तोंडानं सांगणार? त्याच बुटांत जायचं, हे मी त्याच क्षणी ठरवलं. हातात चौदा दिवस होते.

बसस्टँडजवळ एक म्हातारे कारागीर चपला-बूट दुरुस्त करायला बसतात. त्यांच्यापुढे मी बूट ठेवले. त्यांनी बूट नाकाशी नेला, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, काय चोपडलं याले?"

"जवसाचं तेल."

"मंग बैलगाडीचं चाक आनाचं होतं ना! लाकूड करून टाकलं तुमी याचं."

"होईल का काही?"

"दोन दिवस राहू द्या. रॉकेलनं पुसतो, मंग एरंडेल मुरवतो, फर्म्यावर चढवतो." लाकडाचा पायाच्या आकाराचा ठोकळा त्यांनी दाखवला. "पन बाकीचं तुमच्या पायालेच करा लागन. दोन मोजे घाला, एक पातळ, एक जाड. आज एक गल्ली, उद्या दोन. दुखलं त थांबाचं. पन दुसऱ्या दिवशी घालाचेच. चालले कुठं एवढं?"

"मेळघाटात. पोरगी जंगलखात्यात आहे. तिच्यासोबत तेरा किलोमीटर."

"कावून?"

"तिची नोकरी सोडवायला."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "अन् हे बूट कोनं घेऊन देल्ले?"

"तिनंच."

"पोरगी हुशार हाय," ते म्हणाले आणि कामाला लागले.

तिसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला मी बाहेर पडू लागलो. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसायचं, दोन मोजे चढवायचे, टाचेला चिकटपट्टी लावायची आणि निघायचं. एक गल्ली. दोन गल्ल्या. मग वळणावरची पाण्याची टाकी. दूधवाल्यानं सायकल थांबवून विचारलं, "सर, फौजेत भरती निंगली काय?" मी हसलो नाही. हसायला लागणारा जोर मी टाचेसाठी राखून ठेवला होता. पाचव्या दिवशी डाव्या बुटानं हार मानली. उजवा माझ्यावर गेलेला, तो मानेना. आठव्या दिवशी त्याच्याही बोटांच्या वर एक घडी उमटली. मी पायरीवर बसून त्या घडीकडे इतका वेळ पाहत राहिलो की बायकोनं दोनदा चहाला हाक मारली. चालताना मी भाषणाची तयारीही करत होतो. एकूण तीन मुद्दे होते: सुरक्षितता, लग्न, आणि आमचं वय.

ठरल्या दिवशी लेक मला अमरावतीच्या बसस्टँडवर घ्यायला आली. तिनं आधी बूट पाहिले, मग मला.

"बाबा, हे असे काळे काहून पडले?"

"तेल लावलं."

"कोणतं?"

"खोबरेल," मी म्हणालो. आयुष्यात इतकं सफाईदार खोटं मी क्वचितच बोललो असेन.

परतवाड्याहून जीपनं तिच्या चौकीवर पोचलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. खाकी कपड्यांतली लेक पुढे, मी मागे. साग पूर्ण उघडा पडलेला, खाली वाळलेल्या पानांचा थर. तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. माझ्या पावलांचा पलीकडच्या डोंगरापर्यंत जात असावा. उन्हाळ्यात प्राण्यांना पाणी आहे की नाही हे रोज पाहायचं, हे तिचं मुख्य काम. दोन पाणवठे झाले. चिखलातला खुराचा एक ठसा दाखवून ती म्हणाली, "सांबर. पहाटेच येऊन गेलं." मी मान डोलावली. मला सगळं लक्ष उजव्या टाचेकडे द्यावं लागत होतं.

नवव्या किलोमीटरला ती मागे न वळताच म्हणाली, "बाबा, उजवा पाय ओढून राहिले तुम्ही."

"नाही."

"दोन पावलांचा आवाज वेगळा येऊन राहिला. बसा त्या दगडावर."

"बूट काढणार नाही. काढला तर पुन्हा चढणार नाही."

"काढू नका."

ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. नाडी सोडली, मधली एक कडी वगळली आणि घोट्याशी घट्ट आवळून बांधली. "टाच आत उचलली नाही की सोलत नाही. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या दोन्ही टाचांची साल निघाली होती. मोजे रक्तानं चिकटायचे."

"हे तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी घ्यायला आले असते तुम्ही."

आलो असतो. पहिल्या गाडीनं.

"इथून आडवाटेनं चौकी दोनच किलोमीटर आहे," ती म्हणाली. "जायचं का परत?"

"बीट किती राहिली?"

"चार."

"चल."

तिसरा पाणवठा म्हणजे जमिनीत केलेली सिमेंटची मोठी बशी. तळाशी बोटभर पाणी, त्यावर मधमाश्या. कडेनं भरपूर पावलं उमटलेली, म्हणजे येणारे बरेच होते. ती वाकून पाण्यातला पाचोळा हातानं काढू लागली. मीही दुसऱ्या बाजूनं काढू लागलो. दोघांनी मिळून बशी स्वच्छ केली, तिनं मोबाइलमध्ये नोंद केली, आणि आम्ही पुढे निघालो.

अकराच्या सुमाराला चौकी दिसली. ओट्यावर टेकलो. तिनं मला पाणी दिलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि समोर बसली. चेहरा गंभीर. शब्द पाळणारी पोरगी.

"झाले तेरा. बोला आता. मी मधे बोलणार नाही."

मी घसा साफ केला.

"त्या तिसऱ्या पाणवठ्यावर पाणी फार कमी आहे. टँकर कधी येतो?"

"परवा."

"परवापर्यंत पुरतं?"

"नाही पुरत. म्हणून उद्या दोन कॅन नेऊन ओतणार आहे मी."

"एकटी? दोन कॅन? किती वाजता निघायचं?"

"बाबा, नोकरीचं बोलायचं होतं ना तुम्हाला?"

"मग तेच तर बोलून राहिलो," मी म्हणालो आणि नाडी सोडायला वाकलो.