स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरची लाल टिकली

डॉक्टरनं "मागची तारीख कोणती?" विचारलं की छताकडे पाहणाऱ्या बायांनो, आज लक्ष देऊन वाचा. बोलून राहिली मी, टाइप करून राहिली माझी नात जुही.

पाळी आली की जुही पहिल्या दिवशी कॅलेंडरवर लाल टिकली लावते. कॅलेंडर स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मला अक्षर येत नाही, पण टिकली कळते.

आज शहपुऱ्याहून माझी भाची तिच्या पोरीला, रिंकूला, घेऊन येणार होती. सूनबाई कॅलेंडर उतरवायला निघाली. "पाहुणे काय म्हणतील?"

जुही म्हणाली, "आई, दूधवाल्याचे खाडे भिंतीवर चालतात, मग माझी तारीख काहून नाही?"

कॅलेंडर जागेवरच राहिलं.

जेवण झाल्यावर रिंकू कॅलेंडरसमोर उभी. हळूच म्हणते, "दीदी, मेरा तो दो महीने से नहीं आया. मला बिमारी आहे का?" पोरीची पाळी याच वर्षी सुरू झालेली. ही भीती तिनं आईलाही सांगितली नव्हती.

जुहीनं तिला जवळ बसवलं. "सुरुवातीला मागंपुढं होतं. टिकली लावत जा, तुझं तुलाच समजेल. तीन महिने आलीच नाही तर डॉक्टरला दाखवायचं. आणि आईला आजच सांग."

रिंकूनं सांगितलं. जाताना टिकल्यांचं पाकीट घेऊन गेली.

इथं जुही लाजून थांबली. मी म्हटलं, लिही, माझी नात हुशार आहे.

तुमच्या पोरी कोणाला विचारतात? कौतुक करायचं असेल तर खव्याची जिलबी पाठवा, गरम. फोटो नको, तो मला चावता येत नाही.