फक्कीचं घर

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला एक घर काढायला सांगितलं होतं. गिरणीत काम करणाऱ्या माणसाचं, बायकामुलांसकट राहण्याचं, कमीत कमी जागेतलं घर. विषय ऐकला आणि मी मनातल्या मनात पहिला नंबर घेऊनही टाकला. वर्गातली बाकीची मुलं गिरगावातून, दादरहून येणारी. त्यांना गिरणीकामगार बघायचा तर मोर्चा निघावा लागे. मी डिलाईल रोडच्या सिमेंटच्या चाळीत राहत होतो आणि आमच्या एका खोलीतच दोन कामगार होते. बाबा साच्यांवर, म्हणजे मागांवर, आणि आई वायडिंगला, सूत गुंडाळायला. घरचंच कार्य आहे म्हटल्यावर मला कसली भीती?

पण शहाण्याला नको तिथे शहाणपण सुचतं. मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसलो आणि परदेशी मासिकं चाळली. गुळगुळीत कागदावरची ती घरं बघून मला येडच लागलं. तिथे खोल्यांना भिंती नव्हत्या. बैठकीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून सज्जात, सगळं कसं वाहत गेलेलं. मीही माझं घर वाहतं केलं. मधली भिंत उडवून टाकली, मधलं दारही उडवलं. दर्शनी चित्रात दारापुढे दोन ताडाची झाडं लावली आणि शोभेला म्हणून एक लांबलचक मोटार उभी केली. मोटारीचं नाक मला इतकं छान साधलं होतं की तिच्यासाठी घर थोडं बाजूला सरकवावं लागलं.

आमच्या सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं. सर दादरचे, बोलणं पुणेरी आणि आवाज कधी न चढणारा.

"ही मोटार कुणाची?"

"शेजाऱ्याची असेल, सर."

"शेजारी काय करतात?"

मी मोटारीच्या नाकाकडे पाहिलं. शेजारीही साच्यांवरच होते. वर्ग हसायला लागला, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "घर चांगलं काढलंय तुम्ही. पण यात मला कुणी राहताना दिसत नाही. बुधवारी ज्यूरीसमोर परत मांडा."

बुधवारी जमलं नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की फ्रीशिप गेली, आणि फ्रीशिप गेली की माझं कॉलेज संपलं. बाबांनी गिरणीत भरती करणाऱ्या जॉबरच्या कानावर माझं नाव घालूनही ठेवलं होतं. ते काही दुष्ट नव्हते. घर तर गवंडीही बांधतो, मग त्यासाठी पाच वर्षं कागद कशाला काळे करायचे, एवढंच त्यांना उमगत नव्हतं. आणि त्या आठवड्यात मलाही ते फारसं उमगत नव्हतं.

घरी माझा ड्रॉइंग बोर्ड देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात उभा असे. आम्ही नुकतीच दीक्षा घेतली होती. देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली आणि खालचा कोपरा रिकामा झाला. त्यावर खोलीतल्या आठही जणांचा डोळा होता, पण आईने तो मला दिला. ती म्हणाली, "अभ्यासाचंच ठिकाण होऊ दे ते." बोर्ड आडवा केला की धाकट्याचं डोकं त्याच्याखाली आणि बहिणीचं तांदळाचं सूप त्याच्यावर. एकदा चित्रातल्या आकाशावर हळदीचं बोट उमटलं, तेव्हा मी त्या चित्रात संध्याकाळ करून टाकली होती. सरांनी त्या रंगछटेची तारीफ केली होती.

शनिवारी मी त्याच बोर्डासमोर डोकं धरून बसलो होतो. खिडकीतून खाली पाहिलं तर आमच्या आणि समोरच्या चाळीमधल्या मैदानात मंडळाची पोरं हुतूतूसाठी फक्की मारत होती. पांढऱ्या भुकटीच्या सरळ रेषा मातीवर पडत होत्या. मी पाहत राहिलो आणि एकदम उठलो. दोन जिने मी कसा उतरलो ते मला आठवत नाही.

मंडळाकडून मी उरलेली फक्की मागून घेतली. सुतळी ताणली, तीन-चार-पाचचा काटकोन साधला आणि माझं घर मैदानावर काढलं. लहान मापात नाही, खऱ्याएवढं. दहा फुटांची खोली दहा फुटांची. दारं मोकळी सोडली, खिडक्यांना दुहेरी रेघ मारली. उभा राहून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. कागदावर तळहाताएवढं असलेलं घर आता मला पोटात घेऊन उभं होतं.

पहिली पाहुणी आली ती समोरच्या चाळीतली मालवणी मावशी. ती आईबरोबर वायडिंगलाच होती. काय गंमत आहे बघायला तरातरा आली आणि सरळ बैठकीत घुसली. चारी बाजूंनी माणसं ओरडली, "मावशी, भिंत, भिंत." मावशी दचकून मागे सरली, वळसा घालून दारापाशी गेली, चपला काढल्या आणि मग आत आली. तिथून पुढे त्या घराचं माझ्या हातात काही राहिलं नाही.

"चूल खंय ठेवची, ता आधी सांग," मावशी म्हणाली.

मी जागा दाखवली. तिने खाली बसून हात फिरवला आणि पाठ भिंतीत गेली असं जाहीर केलं. मी तांब्याभर पाणी ओतून भिंत पाडली आणि फूटभर मागे बांधली. मग काय विचारता. रविवारी सकाळी अख्खी चाळ राहायला आली. कुणी पाट आणला, कुणी चटई, कुणी स्टोव्ह. एक आजोबा सज्जात आडवे झाले ते उठेचनात. दोन बायकांचं कपड्यांच्या दोरीवरून भांडण लागलं, आणि दोरी तर कुठेच नव्हती. एका काकांना संडास पुरेल का याची शंका होती. ते आत जाऊन गंभीरपणे उकिडवे बसले आणि बाहेरच्या बायकांनी माना फिरवल्या. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

सल्ले तर पैशाला पासरी. एकाला मोरी पुढे हवी, दुसऱ्याला मागे. एकाला गणपती बसवायला मोठा कोनाडा हवा, दुसरा म्हणे कोनाडाच नको, कपाट दे. सगळ्यांचं ऐकलं असतं तर घर भायखळ्यापर्यंत गेलं असतं. मी तांब्या आणि फक्कीचा डबा घेऊन नुसता पळत होतो, पाडत होतो, बांधत होतो. ब्रह्मदेवालाही पहिल्या आठवड्यात इतकी मजा आली नसेल.

संध्याकाळी त्याच मैदानात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. मला वाटलं, आता माझं घर पायदळी जाणार. पण कार्यकर्त्यांनी आधीच सांगून ठेवलं असावं. माणसं आली आणि दारातून आत जाऊन बसली. बैठकीत बाप्ये, स्वयंपाकघराच्या बाजूला बाया, सज्जात पोरं. वक्त्याचं टेबल ठेवायला सपाट जागा फक्त मोरीत उरली होती. त्या गृहस्थांनी मोरीत उभं राहून मुंबईसह महाराष्ट्र मागितला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आजोबा सज्जात उठून बसले. राज्याच्या सीमेवरून लाठ्या खाणारी ही माणसं माझ्या फक्कीच्या सीमा ओलांडत नव्हती. मला त्या दिवशी प्रत्येकाला मिठी मारावीशी वाटत होती.

आई तेवढी आली नाही.

सगळी चाळ खाली लोटली होती आणि ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी होती. मी दोनदा वर गेलो. "मला काय करायचंय फक्कीच्या घरात? इथे कामं पडलीत," ती म्हणाली. मला वाईट वाटलं. जगाला घर दाखवावं आणि आपल्या आईने खिडकीतून बघावं, हे मला लागलं. पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

आमच्या चाळीची एक रीत इथे सांगायला हवी. मधला लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, दारं समोरासमोर. दिवसा दार कुणी लावत नसे. लावलं तर काहीतरी झालं आहे असं समजायचं. मयत, आजारपण, नाहीतर नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण. त्यामुळे दार बंद दिसलं की पाच मिनिटांत चाळ गोळा होई. आई पहाटेपासून गिरणीत शेकडो बायांच्या मध्ये असे आणि उरलेला वेळ आम्हा सात जणांच्या मध्ये. मी तिला एकटी अशी कधी पाहिलीच नव्हती, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

सोमवारी हरताळ होता. गिरण्या बंद, रस्ते बंद. बाबा आणि चाळीतले सगळे बाप्ये मोर्चाला गेले. आम्हाला कॉलेजला सुट्टी. मी खिडकीशी बोर्ड लावून नवी शीट काढत होतो, कारण बुधवार तोंडावर आला होता. दुपारी भावंडांना झोप लागली तशी आई सूप घेऊन खाली गेली. तांदूळ निवडायला बाहेर बसेल, असं मला वाटलं.

मैदान रिकामं होतं, इतकं शांत की खालचं बोलणं वर ऐकू यावं. ती माझ्या घराच्या दारापाशी गेली. इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या, बैठक ओलांडली आणि स्वयंपाकघरात शिरली. सूप खाली ठेवलं. मग ती वळली, हवेतलं काहीतरी धरून तिने आपल्याकडे ओढलं आणि हात उंच करून कडी घातली.

तिथे दार नव्हतं. मी आखलंच नव्हतं. माझं घर वाहतं होतं ना.

ती पाय पसरून बसली. तांदळाला तिने हात लावला नाही. नुसती बसली, डोकं मागे टेकायला भिंत नव्हती म्हणून हातांवर रेलून. थोड्या वेळाने मावशी आली. बाहेरच्या दारातून नीट आत आली आणि बैठकीत उभी राहून म्हणाली, "गो, काय करतंस?"

"दार लावलंय," आई म्हणाली. "मग ये."

आणि मावशी थांबली. जिथे मी रेघसुद्धा मारली नव्हती, तिथे ती पाऊलभर अंतरावर थांबली, क्षणभर बघत राहिली आणि आल्या वाटेने परत गेली. मला हसू आलं आणि हसताहसताच डोळे भरले. शीटवर थेंब पडू नये म्हणून मी मान बाजूला केली.

मग मात्र मी सुटलो. ब्लेड घेतलं, शाई खरवडली आणि मधली भिंत परत बांधली. भिंत आल्यावर खिडकी सरकली, खिडकी सरकल्यावर चूल सरकली, चुलीमागून मोरी आली. प्रत्येक गोष्ट दुसरीला ढकलत होती आणि सगळ्या हसत जागेवर बसत होत्या. दार कुठल्या बाजूला उघडायचं यासाठी मी आमच्या खोलीतल्या हवेत वीसेक दारं उघडून मिटून पाहिली. धाकटा जागा होऊन माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं, दादाचं डोकं फिरलं. शेवटी स्वयंपाकघरात मी वरून दिसणारी एक बाई काढली, पाय पसरून बसलेली. मोटार या वेळी उभी केली नाही.

बुधवारी ज्यूरीला सर होते आणि त्यांच्याबरोबर बाहेरचे एक परीक्षक. परीक्षकांनी पेन्सिल नेमकी त्या दारावर ठेवली.

"एवढ्याशा घरात हे दार कशाला? जागा किती खातं."

"खातं, सर," मी म्हणालो.

"मग?"

"आतल्या बाईला ते लावायचं असतं."

"केव्हा?"

"तिला वाटेल तेव्हा."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सर वाकून त्या पाय पसरलेल्या बाईकडे बघत होते. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

"इथे राहते, सर."

सरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पहिला नंबर दादरच्याच एका मुलाचा आला. मी पास झालो. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. लालबागपासून मी शीटची गुंडाळी तलवारीसारखी फिरवत घरी आलो.

आई नुकतीच गिरणीतली पाळी संपवून आली होती. केसांत अजून सुताचे तंतू होते.

"झालास पास?"

"झालो."

"दार ठेवलंस?"

खिडकीत मी होतो हे तिला ठाऊक होतं तर.

"ठेवलं."

"कडी?"

"आतून."

भावंडांना तिने हाताला धरून बाहेर काढलं, मग मला काढलं आणि दार लावून घेतलं. लख्ख उजेड होता. आत कडी पडल्याचा आवाज आला आणि व्हरांड्यातल्या खोल्यांतून एकेक माणूस बाहेर यायला लागलं. कोण गेलं, कोण गेलं, असं सगळे विचारत होते. मावशी समोरच्या चाळीतून धावत आली. "काय झालां?"

"काही नाही," मी म्हणालो. "आई घरात आहे."

मावशीने बंद दाराकडे पाहिलं आणि तिला एकदम कळलं. ती तिथेच दाराला पाठ लावून बसली. तेवढ्यात बाबा डबा घेऊन गिरणीतून आले. गर्दी बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दार ठोठावायला हात उचलला, तसा मावशीने तो धरला.

"तिना दार लायलां हा," ती म्हणाली. "मगे येवा."

बाबांनी दाराकडे पाहिलं, माझ्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं. मग डबा मांडीवर घेऊन ते आमच्याबरोबर व्हरांड्यात बसले.