डिस्कचा जीव ऐकणारे काका

स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्ड डिस्कवर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. काका असे उभे राहिले की आम्ही खोलीतला पंखासुद्धा बंद करायचो. मग ते म्हणायचे, "बोलून राहिली. हाय अजून जीव."

सिलतऱ्याच्या आमच्या कारखान्यात भट्टी सांभाळणारा कॉम्प्युटर पंचवीस वर्षांचा होता. त्याची देखभाल काकांकडे; सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणे. आजकालच्या डिस्क तो कॉम्प्युटर ओळखतच नसे. म्हणून काका जुन्या डिस्क शोधून आणत, बंद पडलेल्या ऑफिसांतून, पंडरीच्या कापडवाल्यांनी माळ्यावर टाकलेल्या कॉम्प्युटरांतून. दर सोमवारी कपाटातली एकेक डिस्क काढून दहा मिनिटं फिरवत. पडून राहिली तर आखडते, म्हणत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याचं नेमकं काम काय ते कुणालाच सांगता येत नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील रेल्वेच्या रुळांवर राबलेले. माझी नोकरी पक्की व्हायला तीन महिने बाकी होते.

त्या दिवशी भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. काका जेवायला गेले, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मी चालू डिस्कची नक्कल रिकाम्या डिस्कवर घ्यायला बसलो. दिशा चुकली. रिकामी डिस्कच भरलेलीवर उतरली. भट्टीची सगळी मापं पुसली गेली.

काकांनी पडदा पाहिला, मग मला पाहिलं. "जेवला का तू?" एवढंच विचारलं. मग स्कूटरवरून पुरानी बस्तीतल्या घरी गेले आणि तिथे ठेवलेली एक जुनी नक्कल घेऊन आले. भट्टी पाच तास उशिरा पेटली.

मॅनेजर साहेबांनी कारण विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "डिस्क बुढी हो गई थी साहब. चली गई."

साहेबांना तेवढंच पुरलं. डिस्क अशा जाणार असतील तर ही जुनी यंत्रणाच नको, असं ठरलं. नवी आली. निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या करारावर राहिलेल्या काकांचं काम उरलं नाही.

मी खरं सांगायला साहेबांकडे निघालो, तर जिन्यात काकांनी माझा दंड धरला. "काहून जातो बावा? माझं एखादं वर्ष राहिलं होतं. तुले तीस वर्षं काढाची हायेत."

"पण काका, चूक माझी आहे."

"मले माहीत हाय ना. बस झालं."

मी मागे वळलो. हे लिहायलाच हवं. मी मागे वळलो.

गेल्या उन्हाळ्यात काका वारले. कारखान्यातल्या शोकसभेत साहेब म्हणाले की हा माणूस कधी खोटं बोलला नाही, स्वतःच्या हातची डिस्क गेली तेसुद्धा लपवलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

मीही हलवली.