चार वायसरांचा चिमटा

…आणि मग किळसोबाने ती चिकटपट्टी दोन नखांत धरून उचलली, मेलेली पाल शेपटीने उचलावी तशी. पट्टीची खालची बाजू काळीकुट्ट झाली होती. आणि तिच्यात काय नव्हतं म्हणता! कापसाचे तंतू, चादरीचे गोळे, दोन पांढरे केस, कधीतरी सांडलेल्या दुधाचा पिवळा पापुद्रा. एका टोकाला तर ताईच्या गालाची पातळ साल चिकटून आली होती. ती दिसल्यावर त्याचं तोंड जे वाकडं झालं ते झालंच.

"सिस्टर, हे काय आहे?"

"पट्टी आहे."

"पट्टी? हिच्यावर शेती होईल!"

"मग काय लावू? नळी धरायला खिळा ठोकू?" सिस्टर म्हणाली. सकाळपासून बारा खाटा करून आली होती बिचारी.

खाटेवरून ताईचा आवाज आला. अर्धांगाने तिची जीभ जड झाली होती, शब्द अडखळत येत, पण टोमणा मात्र कधी अडखळला नाही. "तोंड… सरळ कर. दूध… नासेल."

आता हे तोंड वाकडं करण्याचं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. कारखान्यात त्याला किळसोबा म्हणत ते उगाच नव्हे. काम साचे बनवायचं, म्हणजे पोलाद कोरून त्यात प्लास्टिक ओतायची जागा करायची. कपडे वाळत घालायचे चिमटे, भिंतीवर वायर धरणाऱ्या क्लिपा, सगळ्यांचा जन्म त्याच्या हातून. तेलातुपाचं नव्हे, नुसत्या तेलाचं काम ते, पण स्वतःच्या लेथवर तेलाचा एक ओघळ दिसला तर या गड्याला जेवण जात नसे. हात पुसायचं फडकं रोज घरून धुऊन आणायचा. चहाचा कप कपाटात, आणि कपाटाला कुलूप. एकदा त्याच्या नव्या शर्टावर माशी बसली, तर तो शर्ट त्याने तीन वेळा धुतला आणि चौथ्या वेळी शेजाऱ्याला देऊन टाकला. बायको म्हणायची, "या घरात मी दोनदाच नापास झाले. एकदा भांडी घासताना, आणि एकदा तीच परत घासताना."

पण ताईपुढे त्याचं काही चालत नसे. आई दिवसभर कामावर, तेव्हा या धाकट्याला वाढवलं ताईनेच. त्याचं वाहतं नाक ती आपल्या बाहीला पुसायची आणि मोठेपणी चारचौघांत ऐकवायची, "तेव्हा किळस मला यायला हवी होती, आणि आता ती करतोय हा!"

त्या ताईला आता गिळता येत नव्हतं. पाण्याचा घोटसुद्धा ठसका लावायचा. म्हणून नाकातून पोटापर्यंत एक बारीक मऊ नळी घातली होती. खांबाला टांगलेल्या पिशवीतून दूध त्या नळीने थेंब थेंब उतरायचं. नाकाशी छोटी पट्टी, ती ठीक. पण पुढे नळी लोंबू नये म्हणून तीच चिकटपट्टी गालावर, खांद्यावर आणि शेवटी खाटेच्या दांड्याला. दोन दिवसांपूर्वी ताईने झोपेत कूस बदलली. दांड्यावरची पट्टी काही सुटली नाही, सुटली ती नाकातली नळी. सर्रकन बाहेर! ती परत घालताना ताईचे डोळे पांढरे झाले, ओकाऱ्यांनी अंग उडायला लागलं, आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून उभं राहण्याचं काम आलं किळसोबाकडे.

डॉक्टर म्हणाले होते, "नळी तीन आठवडे न हलता राहू द्या. पोटात नीट गेलं की अंगात ताकद येईल, गळ्याचे व्यायाम करू, मग गिळायला लागतील आणि घरी जातील. पण दर वेळी नळी निघाली की गळा सुजतो. मग पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजा."

ती काळी पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकून किळसोबाने तीनदा हात धुतले आणि तडक मालकांकडे गेला.

"मालक, नळ्या आणि वायरी धरायचा चिमटा करू. उशीला लावायचा. चिकट नाही, धुता येणारा."

मालकांचे डोळे चमकले. "दवाखान्याचा माल? अरे वा! चिमटे करण्यात आपला हात कोण धरणार? कर, कर. पण घट्ट हवा हं. आपल्या चिमट्याला अर्धा किलोचं वजन टांगलं तरी सुटत नाही. तीच आपली ओळख."

दवाखान्यातून तसल्या नळीचा एक कोरा तुकडा मागून आणला. किळसोबाने व्हर्निअर काढलं. दोन पोलादी जबड्यांत वस्तू धरून माप घ्यायचं ते यंत्र, केसाची जाडीसुद्धा सांगतं. तीस वर्षं त्याने त्याच यंत्राने पोलाद मोजलं होतं. त्याने नळी जबड्यांत धरली, आकडा वाचला, साच्यात तेवढीच खाच कोरली. वरून दोन दातांचं तोंड आणि मागे कमान, म्हणजे दाब चांगला बसावा. पहिला चिमटा मशीनमधून गरम गरम बाहेर पडला तेव्हा मालकांनी त्याला अर्धा किलो टांगला. सुटला नाही. टाळ्या झाल्या. त्याच दिवशी मशीन सुरू झालं आणि अकरा खोकी भरली.

एक चिमटा किळसोबाने उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, ताईच्या उशीला लावला. दिसायला काय दिसत होता! पांढरा, स्वच्छ, ना केस ना कापूस. ताईने एका डोळ्याने पाहिलं. "बरा… आहे. तुझ्यासारखा. नाक… चढवून बसलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला तर खाटेभोवती पडदा ओढलेला. आतून तोच आवाज, ओकारीचा. सिस्टर बाहेर आली ती घामाघूम.

"दूध उतरेना. नळी चोंदली म्हणून पिचकारीने पाणी मारलं, तेही जाईना. मग नळीच बदलावी लागली."

"चोंदली कशाने?"

"काय माहीत! ही बघा, चांगली मोकळी तर दिसतेय."

काढलेली नळी एका तसराळ्यात पडली होती. तिच्यावर शेंबूड होता, फाटलेलं दूध होतं, रक्ताची एक रेघ होती, आणि वास तर विचारूच नका. दुसरा कुणी दिवस असता तर किळसोबा तिथून दोन खाटा लांब गेला असता. त्या दिवशी त्याने हातमोजेही मागितले नाहीत. नळी उचलली आणि उजेडात फिरवत राहिला. मधोमध एका जागी ती दोन्ही बाजूंनी बसकी झाली होती, आणि त्या बसक्या जागेवर दोन दातांचे ठसे होते. त्याच्याच चिमट्याचे. त्याने स्वतः कानस लावून गुळगुळीत केलेले दात.

तिथल्या तिथे त्याला कळलं. पोलाद जबड्यात धरलं तर पोलादच राहतं, पण मऊ नळी जबड्यात धरली की ती अंग चोरते. व्हर्निअरने तिला दाबलं आणि दाबलेल्या नळीचं माप सांगितलं. तेच खरं मानून त्याने तेवढीच खाच कोरली. त्यात अंगाच्या उबेने आणि कोमट दुधाने नळी आणखी मऊ झाली, आणि चिमटा रात्रभर तिचा गळा आवळत बसला.

त्याला शिसारी आली. माशीची नाही, शेंबडाचीही नाही. ज्या हातांना दिवसातून वीस वेळा साबण लावायचा, त्या हातांची. पडद्याआड ताई हुंदके देत होती आणि हा बाहेर आपल्या बोटांकडे बघत उभा.

तो कारखान्यात गेला. वाया गेलेल्या प्लास्टिकचा चुरा करणारं मशीन कोपऱ्यात असतं, ते सुरू केलं आणि अकरा खोकी एकामागून एक त्यात ओतली. खडखडाट ऐकून मालक धावत आले.

"अरे, वेड लागलं का? पास झालेला माल आहे!"

"चुकीचा पास झालाय, मालक. माप माझं चुकलं."

"कुणी सांगितलं? गिऱ्हाइकाने तक्रार केली?"

"गिऱ्हाइकाला बोलता येत नाही."

मालक त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढं वाकडं तोंड त्यांनीही पूर्वी पाहिलं नव्हतं. आले तसे निघून गेले.

मग त्याने व्हर्निअर खणात ठेवलं आणि एका पत्र्याला ओळीने भोकं पाडली, एकापेक्षा दुसरं जरासं मोठं. नळीचा तुकडा कोमट पाण्यात ठेवायचा आणि एकेका भोकात सोडायचा. ढकलायचा नाही, ओढायचा नाही. ज्या भोकातून नळी आपल्याच वजनाने खाली पडली, ते तिचं खरं माप.

नव्या चिमट्याला त्याने तोंडच ठेवलं नाही. मऊ प्लास्टिकचा तळवा आणि त्यावर तीन आखूड बोटं. नळी पहिल्या बोटाच्या अलीकडून, दुसऱ्याच्या पलीकडून, तिसऱ्याच्या अलीकडून न्यायची. दाबायचं नाही काही, वळणानेच ती थांबते. बाजूला वायरींसाठी दोन उघड्या चिरा. कोपरा म्हणून एकही नाही, कारण कोपरा म्हटला की त्यात घाण आली, आणि घाण म्हटली की किळसोबा आला. ओल्या कापसाचा एक हात फिरवला की लखलखीत.

राहिला एकच प्रश्न. बोटांची पकड किती ठेवायची? लोंबत्या नळीचा भार नाकावर येऊ नये एवढी तर हवीच. पण ताई वळली की सुटायलाही हवी. ते माप कुठल्या पत्र्यावर काढणार?

तो डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, तसली नळी माझ्या नाकात घाला."

डॉक्टर हसले. "कशाला?"

"किती ओढल्यावर दुखतं ते बघायचंय. ताईला विचारलं तर ती सांगणार नाही. म्हणेल, काही नाही होत."

सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला, पण डॉक्टरांनी मान डोलावली. आणि ज्याला दुसऱ्याच्या कपाला ओठ लावायचा म्हटलं तर शहारे यायचे, तो माणूस खुर्चीत बसला, मान मागे टाकली, आणि ती बुळबुळीत नळी नाकातून गळ्यात उतरू दिली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून लाळ, सगळं स्वच्छ धुतलेल्या शर्टावर. तीनदा ओकारी आली. समोरच्या खाटेवरून ताई बघत होती आणि तिच्या चेहऱ्याची चांगली अर्धी बाजू हसत होती.

"बाही… देऊ का?" ती म्हणाली.

नळीच्या बाहेरच्या टोकाला दोरा बांधला होता. खिशातून त्याने वायसरांची पुडी काढली, बोल्टाखाली घालतात त्या गोल चकत्या. सिस्टर एकेक वायसर दोऱ्यात अडकवत गेली. दोन झाले, नुसती गुदगुली. चार झाले, नाकात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. पाचव्याला डोळे भरले. सहाव्याला त्याने सिस्टरचं मनगट धरलं.

"चार," नळी निघाल्यावर तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चार वायसरांना सुटायला हवा." आणि मग मोरीत जाऊन अर्धा तास चुळा भरत बसला.

नवा साचा झाला. बोटं इतकी तासली की दोन वायसर धरत, तीन धरत, चौथ्याला नळी अलगद सुटून बाहेर. ताईच्या उशीला तो लागला. पहिल्याच दिवशी ती तीनदा वळली, नळी तीनदा चिमट्यातून सुटली, नाकातून एकदाही नाही. सिस्टर येता-जाता दोन बोटांनी परत बसवायची. दूध उतरत राहिलं. नऊ दिवस झाले. डॉक्टरांच्या तीन आठवड्यांतले बारा राहिले.

दहाव्या दिवशी मालक टूलरूममध्ये आले. हातात नवा चिमटा, दुसऱ्या हातात अर्धा किलोचं वजन. सगळ्यांदेखत नळीचा तुकडा अडकवला, वजन टांगलं. वजन टेबलावर आपटलं, चिमटा आपला जागच्या जागी, बोटं पसरून.

"हा चिमटा म्हणायचा की चेष्टा? अर्धा किलो राहू दे, चिमूटभर वजनाला सुटतोय! असला ढिला माल मी दवाखान्यांना पाठवू? लोक म्हणतील यांना चिमटा करता येत नाही. उद्या दुसरा साचेवाला आणतो आणि ही बोटं आवळून घेतो. बोल, काय म्हणणं आहे तुझं?"

किळसोबाने आधी टेबलावर वजनाने उठलेला तेलाचा गोल डाग पुसला. मग मान वर करून म्हणाला,

"आणा की, मालक. फक्त आल्या आल्या त्याला आधी वॉर्डात पाठवा. ताई वळली की काहीतरी सुटणारच, चिमटा नाहीतर नाकातली नळी. चिमटा सुटला तर सिस्टर चालता चालता परत लावते. नळी सुटली तर ती परत आत जाईपर्यंत ताईचे हात कुणीतरी दाबून धरावे लागतात. एकदा मी धरलेत. पुढच्या वेळी त्याला धरू द्या, आणि मग खुशाल आवळू द्या बोटं."