डबलबेलची रंगीत पट्टी

कंडक्टरची नोकरी संपली, तरी डबलबेलच्या डोक्यातली बस काही थांबली नाही. बस सोडताना ऐटीत दोनदा घंटी वाजवायचा, म्हणून हे नाव पडलं. आता तर बायकोही माघारी त्याला डबलबेलच म्हणायची. घरी बसून त्याने गावच्या बसगाड्यांची वेबसाइट काढली. कुठली बस उशिरा, कुठली बंद, हे जुन्या सोबत्यांना फोनवर छळून विचारायचा आणि लगेच टाकायचा. लोक सकाळी आधी ती बघायचे, मग चपला घालायचे.

खर्च निघायचा तो एकुलत्या एका जाहिरातीवर. तीही थोरल्या बहिणीची. आक्काचं पडद्यांचं दुकान बसस्टॉपच्या अगदी समोर होतं. वेळापत्रकाच्या डोक्यावर तिची राखाडी पट्टी असायची.

एक दिवस आक्का तणतणत आली. "स्टॉपवरच्या बायकांना विचारलं, माझी जाहिरात बघता ना? तर म्हणतात, कसली जाहिरात? अरे, रोज नाकासमोर असते! एवढा महिना ठेव, मग काढून टाक."

जाहिरात गेली की वेबसाइट गेली, आणि मग दिवसभर बायकोच्या पायात घोटाळणं आलं. डबलबेलचा चेहरा पडला.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुम्ही तरी काय वेगळे? रक्तदाबाची गोळी मी रोज त्याच वाटीत ठेवायचे, तर दिसायचीच नाही तुम्हाला. आता रोज वाटी बदलते. आज निळी, उद्या पिवळी. कसे गपगुमान घेता!"

डबलबेलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी पट्टी पिवळी, मग निळी, मग जांभळी. आक्काच्या दुकानात नवे चेहरे डोकावू लागले. तसा याला चेव आला. पुढच्या सकाळी पट्टी लालभडक!

त्या दिवशी बस वेळेवर आली आणि रिकामीच निघून गेली. लाल बघून निम्मी माणसं पुन्हा अंथरुणात शिरली होती. स्टॉपवर पोचल्यावर ज्यांनी फोनवर लाल बघितलं, ती आक्काच्या दुकानात टेकली होती, आणि खिडकीभर पडदे लटकलेले, त्यामुळे बस आली-गेली कुणाला दिसलीच नाही.

डबलबेल धापा टाकत दुकानात पोचला.

"अहो, लाल कशाला लावलंत?" बँकेतले कारकून कडाडले. "आम्हाला वाटलं, बस बंद!"

"खाली लिहिलंय की वेळेवर आहे म्हणून!"

"एवढं लाल दिसल्यावर खालचं वाचतंय कोण?" नर्सबाई म्हणाल्या. बस चुकल्याचा राग होता, पण हातातला पडद्याचा नमुना काही सुटत नव्हता.

डबलबेलने एकेकाची माफी मागितली. मग हळूच विचारलं, "आक्का, काढू का पट्टी?"

आक्काने कात्री खाली ठेवली. "काढतोस काय? दुकान कधी एवढं भरलं होतं का? पण रंग मी सांगणार. सकाळी दारात जो पडदा टांगीन, तोच लावायचा. लोकांना दुकान आणि पट्टी ताडून बघायला मजा येईल."

"आणि लाल पडदे? ते विकायचेच नाहीत का?"

"ते रविवारी टांगीन. तेव्हा तुझी बस नसतेच."

डबलबेलने मनातल्या मनात दोनदा घंटी वाजवली.