नऊ साखळ्यांचं रान

सह्याद्रीत जितके दगड आहेत त्यांतले निम्मे तरी माझ्या घरमालकांच्या ओळखीचे होते. उरलेल्यांची ओळख करून घ्यायला त्यांना सवड मिळाली नाही, एवढंच. मी आठवीतून शाळा सोडलेला माधवनगरचा मुलगा. कुणाच्या तरी ओळखीनं मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी ओढायला लागलो आणि पाटणच्या पलीकडच्या दाट रानात येऊन पडलो. गावात मला बिऱ्हाड द्यायला कोणी तयार नव्हतं, कारण मोजणीवाला म्हणजे कुणाची तरी जमीन कमी करणारा. तेव्हा ह्या गृहस्थांनी आपली पडवी दिली. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणू लागलो.

आबांना अक्षर येत नव्हतं, पण सबंध वाडीचा सातबारा तोंडपाठ. कुणाचं रान कुठं संपतं, सरकारी जंगल कुठं लागतं, कुठल्या आंब्याची कुठली फांदी शेजाऱ्याच्या हद्दीत वाकली आहे, सगळं. तलाठी अडला की दप्तर मिटून आबांना बोलावणं धाडायचा. पावसाळा सरला की हद्दीच्या दगडांवर शेवाळ चढतं. आबा कोयता घेऊन निघायचे, 'जरा दाढी करून येतो' म्हणायचे आणि दिवसभर रानातले दगड खरवडत बसायचे. त्यांची स्वतःची दाढी मात्र दोन-दोन आठवडे तशीच. दसऱ्याला आपट्याचं पान आधी दगडांना, मग माणसांना. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचा भात आपल्या पत्रावळीच्या कडेला टेकला तरी ते बोटानं हळूच परत सारायचे. त्यांची बायको, आमच्या काकी, म्हणायच्या, "लग्न झालं तवा मला घरात घ्यायच्या आदी मागल्या बांदावर नेऊन दगड दावला. म्हनले, हिकडं आपलं, तिकडं हौसाक्काचं."

ही हौसाक्का म्हणजे शेजारच्या रानाची मालकीण. नवरा मागेच गेलेला, आणि जगणं सगळं बांधालगतच्या तीन हिरड्याच्या झाडांवर. हिरडा गोळा करायचा, वाळवायचा, बाजाराला न्यायचा. तिचं आणि आबांचं हातभर जागेवरून वीस वर्षं भांडण होतं. सकाळी एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे. काकींना ताप आला तेव्हा मात्र हौसाक्काच पेज करून घेऊन आली. पेज देऊन झाल्यावर उंबऱ्यात उभी राहून ती राहिलेलं भांडली.

आबांचं रान मोजायची पाळी आली त्या दिवसाचं सांगतो. ओढ्यापासून साखळी टाकत मी करवंदीच्या जाळीत शिरलो. पलीकडच्या टोकाला, हौसाक्काच्या बांधावर, आबा आपल्या दगडावर हात ठेवून उभे. मध्येच जाळीत काहीतरी फुरफुरलं. गवा होता. मी तोंड वर करून पाहिलं आणि मोजणी डोक्यातून उडाली. सर्व्हेअरसाहेबांनी ओरडून विचारलं, किती? मी दहा म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. आठच दिवसांपूर्वी माझ्या जोडीदाराचा आकडा चुकला होता, तर साहेबांनी त्याला संध्याकाळच्या गाडीनं घरी धाडलं होतं. मी तसाच परत गेलो असतो तर वडिलांपुढं उभं राहायचं तोंड मला नव्हतं. म्हणून मग गप्प राहिलो. रात्र रात्र झोप येईना.

पंधरवड्यानं चावडीत नकाशा वाचून दाखवला. आबांचं रान दहा साखळ्या. म्हणजे हौसाक्काचे तिन्ही हिरडे आबांच्या मालकीत. हौसाक्का नुसती खाली बसली. वीस वर्षांत ती पहिल्यांदा गप्प होती. आबांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर चुकवली. त्यांना सगळं कळलं हे मला कळलं.

आबा उठले. "सायेब, दगड म्याच चुकीचा दावला. माझा दगड नऊवर हाय. वय झालं, ईसरलो."

चावडी हसायला लागली. साहेब भडकले, सरकारचा वेळ फुकट घालवता म्हणून नको नको ते बोलले. आबा मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी झाली, नऊ भरल्या, हिरडे जागच्या जागी राहिले. हौसाक्काचा आवाज तिथंच परत आला. "माज्याशी हातभर जागंसाटी ईस वर्सं भांडला, आनि आपला दगड ईसरला व्हय, आबा?"

घरी आल्यावर मी त्यांचे पाय धरले. रडत होतो. ते म्हणाले, "ऊठ रं. गवा बघून तू नवाच्या जागी धा म्हनलास. म्या असतो तर ईस म्हनलो असतो." आणि इतके हसले की काकी चूल सोडून बाहेर आल्या.

मी पुढं कायम झालो, लोणंदकडं बदली झाली. पण त्या चावडीनंतर आबांना हद्दीसाठी बोलावणं आलेलं मी पाहिलं नाही. तलाठीही दप्तर उघडून स्वतःच शोधत बसायचा. मी निघालो त्या दिवशी आबा माझी ट्रंक खांद्यावर घेऊन एस.टी.च्या थांब्यापर्यंत आले. तिथं वरच्या वाडीतला एकजण म्हणाला, "आबा, आमचा बी दगड दावा की. नवावर हाय का धावर?" चारजण हसले. नोकरी पक्की झाली होती, आता बोलायला हरकत नव्हती. मी तोंड उघडलं, तर आबांनी माझा दंड दाबला.

"मला काय इचारतोस गड्या? हे मोजनी खात्यातलं हायेत. ह्यास्नी इचार."

त्यांनी मला अहो-जाहो केलं ते तेवढंच. गाडी आली, मी चढलो, बोलायचं राहून गेलं. ते आज बोलतो. आबा ज्या दगडावर हात ठेवून उभे होते, तो दगड बरोबर होता.